बूच घट्ट, हात राखून



गेल्या हंगामाच्या अखेरीस आमच्याकडे व्याही मुक्कामाला आले होते. मुलगा नाशिकला द्राक्षबागेच्या कामावर असतो. त्याने येताना रेड वाइनची एक स्वस्तातली बाटली आणली. व्याह्यांनी आणि मी थोडी थोडी घेतली. बाटली पाऊण शिल्लक राहिली. मी बूच नुसते तोंडावर टेकवले आणि बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर, शेगडीजवळ ठेवून दिली.

पाचव्या दिवशी पुन्हा पेल्यात ओतली, तर आंबट ढाण! आमच्या सौ. वासानेच म्हणाल्या, "अहो, हा तर शिरका झालाय." त्यावर व्याही म्हणाले, "म्हणून सांगतो पाव्हणं, एकदा उघडली की संपवूनच उठायचं."

हे बोलणे मला लागले. माझा थोरला चुलतभाऊ हेच म्हणायचा, "पैसे दिलेत, टाकायची कशाला?" असे म्हणत म्हणत त्याने आधी बाटल्या संपवल्या, मग दोन एकर बागायत, आणि शेवटी स्वतःला. म्हणून हा लेख.

मी आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवली. ऊस तोडून फडात पडून राहिला तर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. साखरेचे विघटन होते, वजन घटते, उतारा पडतो. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा आपला आग्रह. वाइनचेही तसेच आहे. बाटली उघडली म्हणजे तोडणी झाली असे समजा. फरक एवढाच, की इथे घाईने संपवण्याची गरज नाही. हवा आणि उष्णता अडवली की भागते.

याचा शोध लावणारा माणूस साखरेच्याच वाटेने गेला, हे वाचून आपल्याला बरे वाटेल. 1856 साली फ्रान्समधील लील शहरात बीटच्या रसापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराचा माल बिघडू लागला. त्याने लुई पाश्चर यांना बोलावले. तेथून पाश्चर आंबवण्याच्या अभ्यासाला लागले आणि 1866 साली त्यांचा वाइनवरील ग्रंथ निघाला. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. पण पुढे हवा मिळाली की दुसरे जंतू त्याच अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरका करतात. ऊन लागले की त्यांचे काम आणखी जोरात चालते.

आता घरी काय करायचे ते सांगतो.

पेले भरले की लगेच बाटली बंद करा. फिरकीचे झाकण असेल तर उत्तम. असे झाकण म्हणजे हलका माल, ही समजूत चुकीची आहे. बूच असेल तर जी बाजू आत होती तीच पुन्हा आत घाला; बाहेरच्या बाजूला धूळ असते. फुगलेले बूच जात नसेल तर स्वच्छ रबरी बूच वापरा.

बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा. आडवी केली तर वाइनचा जास्त पृष्ठभाग हवेला लागतो. प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा.

सर्वांत सोपी आणि फुकटची युक्ती म्हणजे लहान बाटली. 750 मिलीची बाटली उघडताच निम्मी वाइन उकळत्या पाण्याने धुऊन निथळलेल्या 375 मिलीच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि झाकण लावा. आत हवाच उरली नाही तर बिघडवणार कोण? अशी वाइन फ्रीजमध्ये आठवडाभर सहज टिकते. अर्धी रिकामी बाटली मात्र तीन ते पाच दिवसांत संपवावी.

स्वस्त रेड वाइन वर्षानुवर्षे साठवू नका. ती ताजी असतानाच चांगली लागते. आपल्या चैत्र-वैशाखात खोलीच्या उष्णतेवर ती तिखट लागते, म्हणून जरा गार करूनच घ्यावी. झणझणीत रश्श्यासोबत ती कडवट वाटते. भरीत किंवा भाजलेल्या मटणाशी जमते. आंबलीच तर मटण मुरवायला थोडी वापरा. लोणच्यात मात्र घालू नका, तिचे आम्ल पुरेसे असेलच असे नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. वाइन म्हणजे औषध नव्हे. तीत साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते, आणि दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितले आहे. जो पीत नाही त्याने या लेखामुळे सुरू करू नये. जो घेतो त्याने एवढे ध्यानात ठेवावे, की उघडलेली बाटली उद्यापर्यंत थांबते. थांबायचे असते ते आपण.

व्याह्यांना मी परवा रबरी बुचांची जोडी पाठवून दिली. त्यांचा निरोप आला, "बाटली चौथ्या दिवशीही चांगली निघाली." माझ्या चुलतभावाला हे कुणी वेळेवर सांगितले असते तर, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.