उठा क्या?

३० जुलै २०१२, सोमवार. नोएडातल्या आमच्या लॅबचं दार उघडलं तेव्हा यूपीएसने मान टाकली होती आणि टेबलावरचे सहाही बोर्ड काळेठिक्कर पडले होते. रात्री दोन वाजून तेहतीस मिनिटांनी उत्तर भारताचं वीजजाळं कोसळलं होतं. दिल्ली मेट्रो बंद पडली, गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. त्यापुढे आमचं नुकसान अगदीच किरकोळ. शुक्रवारी संध्याकाळी लावून ठेवलेली सस्पेंड-रिझ्यूमची चाचणी अर्धवट राहिली, एवढंच. प्रत्येक बोर्डाला झोपवायचं, वीस सेकंदांनी उठवायचं, पुन्हा झोपवायचं, असं सोमवार सकाळपर्यंत.

तंत्रज्ञ काका मागून आले आणि सवयीने विचारलं, “उठा क्या?”

हिंदीत हा प्रश्न. माझ्या मराठी कानाला मात्र पहिले काही महिने तो हुकूमच वाटायचा: उठा! बोर्डालाच कोणीतरी सांगतंय असं.

दुपारी वीज स्थिरावल्यावर नोंदी तपासल्या. पाच बोर्डांच्या शेवटच्या ओळी साधारण एकाच वेळेच्या होत्या, यूपीएसने दम सोडला तेव्हाच्या. सहाव्याची शेवटची ओळ मात्र चाळीस मिनिटं आधीची होती. तो विजेमुळे गेला नव्हता. तो झोपला आणि उठलाच नाही. त्या शेवटच्या ओळीत एवढंच होतं की आता मी झोपतोय.

२००८ मध्ये सांगलीहून नोएडाला आले तेव्हापासून हेच काम करते आहे. एवढ्या वर्षांकडे मागे वळून बघताना जाणवतं की आम्ही सतत एकच गोष्ट शोधत होतो: साक्षीदार. चालू यंत्र बिघडलं तर ते काहीतरी बोलतं, पडद्यावर चूक येते, डिस्कवर नोंद राहते. उठताना बिघडलेलं यंत्र बोलू शकत नाही, कारण पडदा झोपलेला, डिस्क झोपलेली, आणि ज्या सिरीयल पोर्टवर आपण कान लावून बसलोय तोही झोपलेला.

वरून बघताना हे काम सोपं वाटतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं, झालं. आत मात्र मोठी आवराआवर चाललेली असते. आधी चालू असलेले सगळे प्रोग्राम आहेत तिथे गोठवायचे. मग प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला सांगायचं की तुझी अवस्था लिहून ठेव आणि बंद हो. यात क्रम चुकवून चालत नाही. यूएसबीच्या बसवर लटकलेला कीबोर्ड आधी, बस नंतर. मग एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद. शेवटी मेमरीला फक्त स्वतःला जागं ठेवण्यापुरती वीज, बाकी अंधार. उठताना हेच सगळं उलट्या क्रमाने. त्या जुलैत वीजजाळं उठवतानाही क्रमच महत्त्वाचा होता. कोळशावरच्या केंद्राला सुरू व्हायलाच बाहेरून वीज लागते, पाण्यावरचं केंद्र तिच्याशिवाय सुरू होऊ शकतं. आधी कोणी उठायचं हे चुकलं की सगळंच पुन्हा कोसळतं.

पूर्वी ही आवराआवर बरीचशी बायोसकडे होती. १९९२ची एपीएम पद्धत तशीच होती: कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, विनंती करायची, बायोसने निस्तरायचं. डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय आलं आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे आली. लिनक्समध्ये डिस्कवर झोपण्याची सोय २००२ मध्ये विकासाधीन २.५ मालिकेत शिरली. पावेल माखेकने ती बरीच वर्षं ओढली, पुढे राफाएल विसोत्स्कीने सगळ्या वीज व्यवस्थापनाची धुरा घेतली. पण मेमरीत झोपून उठणं हा त्या काळात नशिबाचा भाग होता. एकच लॅपटॉप लिनक्सच्या एका वितरणावर उठायचा, दुसऱ्यावर नाही.

२००६ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने या साक्षीदाराच्या प्रश्नावर जी युक्ती काढली, तिच्याबद्दल बोलताना मला आजही आनंद होतो. संगणकात एक भाग कधीच झोपत नाही: छोट्या बॅटरीवर चालणारं घड्याळ. सक्तीने रीबूट केला तरी ते चालूच असतं. मग नोंद तिथेच लिहायची! उठण्याच्या वाटेवर ठिकठिकाणी खुणा रोवल्या. प्रत्येक खुणेपाशी कर्नल त्या फाइलचं नाव, ओळ आणि उपकरण यांचा मिळून एक आकडा काढतो आणि तो तारीख-वेळ म्हणून घड्याळात कोरतो. यंत्र अडकलं की बटण दाबून बंद करायचं, लगेच चालू करायचं. पुन्हा सुरू झालेला कर्नल घड्याळ वाचतो, त्या आकड्याशी कोणती खूण जुळते ते शोधतो आणि सांगतो: शेवटी इथपर्यंत आलो होतो. याची किंमत एकच, घड्याळाची खरी वेळ जाते. चाचणी यशस्वी झाली तरी जाते.

ते पहिल्यांदा केलं तेव्हा पडद्यावर भलत्याच सालातली तारीख उमटली होती. मी शेजारच्या मुलीला हाक मारून दाखवली. घड्याळ खोटं बोलून खरं सांगत होतं. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर निघाला.

मी नोकरीला लागले त्याच सुमारास आणखी दोन साधनं आली. पहिलं पीएम-टेस्ट. त्यात पूर्ण झोपायचं नाही, पायऱ्या ठरवून तेवढंच उतरायचं: फक्त प्रोग्राम गोठव आणि पाच सेकंदांनी परत ये, किंवा उपकरणांपर्यंत जा, किंवा प्रोसेसरांपर्यंत. कोणत्या पायरीवर पाय घसरतो ते कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे ड्रायव्हरांचे दोन गट करायचे, अर्धे काढून बघायचं, मग त्यांतले अर्धे. दुसरं साधन डेव्हिड ब्राउनेलने कर्नलमध्ये घातलेली चाचणी. बूट होतानाच यंत्राने स्वतः गजर लावायचा, झोपायचं आणि दहा सेकंदांनी उठून दाखवायचं. ब्राउनेल २०११ मध्ये गेला. त्याची ती छोटीशी फाइल आजही कर्नलमध्ये आहे, आणि नवा बोर्ड हातात आला की मी सर्वांत आधी तीच चालवते.

आमच्या घरापासून जवळच, ग्रेटर नोएडात, एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचं मोठं केंद्र आहे. तिथल्या चमूने आपल्या स्पिअर चिप्सचा आधार २०१० मध्ये मुख्य कर्नलमध्ये नेला. त्या वेळी आमच्यासारख्यांना याचं फार अप्रूप होतं. इथल्या कंपन्यांत तेव्हा सर्रास एखाद्या जुन्या कर्नलवर आपली ठिगळं लावून बोर्ड विकायची पद्धत होती. झोपेचा दोष सापडला तर तो आपल्याच ठिगळात दुरुस्त व्हायचा आणि पुढच्या कर्नलला पुन्हा उगवायचा. मुख्य कर्नलमध्ये काम नेलं की दोष एकदाच मरतो. हे मी बैठकांत घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं आहे. त्या चमूतला विरेश कुमार पुढे लिनारो या संस्थेत गेला आणि प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सीपीयूफ्रीक या भागाचा विसोत्स्कीबरोबरचा सांभाळकर्ता झाला.

सहाव्या बोर्डाचा धागा मला सीपीयूफ्रीकमध्येच सापडला, दीड-दोन वर्षांनी.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप बोर्डावर एक विचित्र दोष आढळला होता. झोपायला जाताना कर्नल जादा प्रोसेसर एकेक करून बंद करतो. नेमक्या त्या वेळी वेग ठरवणारा गव्हर्नर जागाच असतो आणि त्याला वाटतं की वेग बदलावा. वेग बदलायचा तर व्होल्टेज बदलायला हवं, ते देणारा रेग्युलेटर आयटूसी बसच्या पलीकडे, आणि ती बस तर आधीच झोपली आहे. इंटेल आणि ब्रॉडकॉमच्या अभियंत्यांना त्याच भागातला दुसरा त्रास दिसला होता, उठल्यावर गव्हर्नरच्या जुळवून ठेवलेल्या सेटिंग्ज पुसल्या जायच्या. विरेश कुमारने २०१४ मध्ये, ३.१५ आवृत्तीसाठी, उपाय केला: उपकरणं झोपायला लागण्याआधी गव्हर्नरना थांबवायचं आणि सगळं उठल्यावरच मोकळं सोडायचं. आणखी खालच्या पायरीवर थांबवलं असतं तर उशीर झाला असता, कारण झोपण्यापूर्वी शेवटचा वेग ठरवायलाही काही बोर्डांना तीच बस लागते.

मी त्या बदलाचं वर्णन दोनदा वाचलं. आमच्याही बोर्डाचा रेग्युलेटर आयटूसीवर होता, आमचाही प्रोसेसर दोन कोअरचा होता. गव्हर्नरला नेमका त्याच क्षणी वेग बदलावासा वाटणं हे त्या वेळच्या कामाच्या भारावर अवलंबून, म्हणूनच हजारो फेऱ्यांत एकदाच.

दरम्यान जग बदललं होतं. अँड्रॉइडचे फोन दिवसातून असंख्य वेळा झोपत-उठत होते. फोनला झोपू न देणाऱ्या ‘वेकलॉक’वरून कर्नलवाल्यांचा आणि गूगलचा मोठा वाद झाला, २०१० ते २०१२ दरम्यान त्यातून मधली वाट निघाली. २०१४ मध्ये इंटेलच्या टॉड ब्रँटचं साधन कर्नलमध्ये आलं, ते प्रत्येक उपकरणाला झोपायला आणि उठायला किती मिलिसेकंद लागले याचा पट्टीपट्टीचा तक्ता काढून देतं. २०१७ मध्ये विरेश कुमारने सीपीयूफ्रीकच्या चाचण्यांचा संच कर्नलमध्येच घातला, त्यात गजर लावून झोपवून उठवण्याची फेरीही आहे. आम्ही वर्षानुवर्षं स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये करत होतो, ते आता कोणालाही आयतं मिळतं.

आजच्या लॅपटॉपचं दुखणं उलटं आहे. त्यातले बरेच पूर्वीसारखे काळोखात जातच नाहीत, नुसते निवांत पडून राहतात, आणि एखादं उपकरण जागं राहिलं तर बॅगेतच तापतात. दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या दुरुस्तीवाल्यांकडे लोक ‘बॅटरी खराब’ म्हणून ते घेऊन येतात. आता आम्ही ‘उठला का’ याआधी ‘खरंच झोपला का’ हे तपासतो. इथे यंत्र बोलू शकतं, त्यामुळे काम सोपं आहे. कंटाळवाणं मात्र आहे.

या कामाची दाद फार थोडी मिळते. कर्नलमधल्या बदलाखाली कधीकधी ‘टेस्टेड-बाय’ अशी ओळ असते, पुढे चाचणी करणाऱ्याचं नाव. त्या ओळीमागे लाइट गेलेल्या रात्री असतात, मे महिन्यात एसी बंद पडलेल्या लॅब असतात, हजार फेऱ्यांनंतरच्या एका गप्प ओळीकडे बघत बसलेली माणसं असतात. कोड लिहिणाऱ्याइतकंच त्यांचं नाव वाचलं जावं असं मला मनापासून वाटतं. नवीन मुलांना मी तेच आधी दाखवते.

गव्हर्नरचा उपाय असलेला नवा कर्नल हातात आला तेव्हा सहावा बोर्ड कपाटातून काढला, त्यात तो घातला आणि शुक्रवारी संध्याकाळी चाचणी लावली. सोमवारी काकांनी दारातूनच विचारलं, “उठा क्या?” उठला होता. सगळ्या फेऱ्यांत. पण जुन्या कर्नलवरही तो एकदाच पडला होता, आणि पुन्हा पाडायचा मी तीन आठवडे प्रयत्न केला तरी पडला नव्हता. आमच्या वहीत ३० जुलै २०१२ची नोंद आहे: सहावा, उठला नाही, कारण अज्ञात. त्यापुढे पेन्सिलीने ‘गव्हर्नर?’ असं लिहिलं आहे. शाईने लिहायचं अजून धाडस झालेलं नाही.