जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स आणि मिस्त्रीची मजुरी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांची दुसरी-तिसरी पिढी काम करीत आहे. नागपाडा, भायखळा, कुर्ला, कुठेही जा, गाडीखाली पाठ टेकून पडलेला उस्ताद आणि त्याच्या हातात पाना देणारा पोऱ्या दिसतोच. या धंद्यात हुन्नर भरपूर आहे, परंतु हुन्नराचा हिशेब नाही, अशी आमची जुनी तक्रार आहे. अलीकडेच करी रोडला एका जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स बदलण्याचे काम आम्ही जवळून पाहिले. त्यातून ही तक्रार किती खरी आहे, हे पुन्हा एकदा पटले. कारागीर आणि व्यापारी दोघांच्याही उपयोगाचे म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

गाडी कोणती?

करी रोड स्टेशनातून बाहेर पडून लालबागच्या बाजूला चालू लागले की आता नजर वर जाते ती उंच इमारतींकडे. १९८२ च्या संपापूर्वी याच भागात गिरण्यांच्या पाळ्या चालत आणि मालाच्या गाड्या दिवसरात्र फिरत. त्या काळातील एक गाडी अजून एका मसाला व्यापाऱ्याच्या घरी आहे. महिंद्रची एफ.सी.-१५०, म्हणजे चालकाची कॅब थेट इंजिनावर असलेला, बसक्या नाकाचा पिकअप. वडिलांनी घेतलेली गाडी म्हणून मुलाने ती विकली नाही. माल आता टेम्पोने येतो. पिकअप फक्त घरच्या कामाला आणि हौसेला.

या गाडीचा इतिहास आपल्या वाचकांना माहीत असावा. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचे नाव होते 'महिंद्र अँड मोहंमद'. फाळणीनंतर गुलाम मोहंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. त्याच सुमारास आपल्या माझगावात अमेरिकेच्या विलिज जीपची जुळणी सुरू झाली. १९६५ पासून कंपनी हलकी मालवाहू वाहने बनवू लागली आणि विलिजचा एफ.सी.-१५० भारतीय रस्त्यांवर आला. चाकांमधले अंतर अवघे ८१ इंच, त्यामुळे गल्लीबोळात वळायला सोपा. कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना डॉज आणि फार्गो ट्रक काढीत होता. थोडक्यात, या गाड्या मुंबईतच जन्मल्या आणि त्यांचे डॉक्टरही मुंबईतच तयार झाले.

दोष कसा ओळखला?

पिकअपचा दुसरा गिअर चालता चालता आपोआप निसटत असे आणि चढावर दातांचा करकर आवाज येई. मालकाने आधी एका गॅरेजला दाखवले. तेथे गाडी न खोलताच सांगण्यात आले, "गिअरबॉक्स गेला, भंगारातून दुसरा आणा." मालकाने भंगार बाजारातून एक गिअरबॉक्स आणलाही. चकचकीत काळा रंग दिलेला. तो घेऊन ते करी रोडच्या या मिस्त्रींकडे आले. मिस्त्री मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, वय साठीच्या पुढे, गॅरेज म्हणजे जेमतेम एक गाडी मावेल एवढी जागा.

मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही. म्हणाले, "शेठ, आधी एक चक्कर मारू."

चक्कर मारताना त्यांनी काय पाहिले, ते तरुण कारागिरांनी नीट लक्षात घ्यावे. क्लचचे पेडल दाबल्यावर आवाज वाढला, तर बहुधा रिलीज बेअरिंगचा दोष. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये आवाज आणि पेडल दाबताच बंद, तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा संशय घ्यावा. सगळेच गिअर घासत पडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्यात गिअरबॉक्सचा गुन्हा नाही. या गाडीत आवाज पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये होता, तिसऱ्यात जवळजवळ विरत होता. या टी-९० गिअरबॉक्सला पुढचे तीनच गिअर आहेत. तिसऱ्यात पुढचा आणि मागचा शाफ्ट सरळ जोडला जातो, खालच्या क्लस्टर गिअरवर भार राहत नाही. म्हणजे दोष खाली, क्लस्टरमध्ये आहे.

परत आल्यावर तेल काढले. तेलात बारीक राखाडी चिखल असतोच, त्याची भीती नाही. परंतु येथे दातांचे तुकडे निघाले, शिवाय पितळेची पिवळी चमक. झाकण उघडल्यावर क्लस्टरचे दोन दात तुटलेले दिसले. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकला की दात दाताला ठोकतो. आजचा चालक नव्या गाडीच्या सवयीने चालत्या गाडीत पहिला गिअर टाकतो आणि बोजा बिचाऱ्या क्लस्टरवर येतो. याहून वाईट म्हणजे काउंटर शाफ्टचे भोक घासून लंबगोल झाले होते. भोक गेले की केसिंगच गेले. नवा क्लस्टर घातला तरी तो सरळ बसणार नाही आणि तेलही गळत राहील. तेव्हा गिअरबॉक्स बदलावाच लागणार होता. पहिल्या गॅरेजचा निष्कर्ष बरोबर निघाला, पण तो अंदाज होता. मिस्त्रींचा निष्कर्ष तपासणीचा होता. दोन्हींतला फरक पुढे लगेच कळला.

रंगाखालचा माल

मालकाला वाटले, आता आणलेला गिअरबॉक्स चढवला की झाले. मिस्त्रींनी तो आधी बाकावर ठेवून जुन्याच्या शेजारी मोजला. पुढच्या शाफ्टची लांबी वेगळी निघाली. टी-९० हे नाव एकच, पण तो अनेक गाड्यांना लागला आणि गाडीनुसार त्याचा शाफ्ट बदलत गेला. तसाच चढवला असता तर शाफ्टचे टोक फ्लायव्हीलच्या पायलट बुशपर्यंत नीट पोहोचले नसते आणि थोड्याच दिवसांत क्लचसह सगळे बिघडले असते.

मालकाचे नशीब चांगले, की विक्रेत्याने दिलेल्या चिठ्ठीवर 'न जुळल्यास सात दिवसांत बदलून देऊ' असे लिहिलेले होते. मिस्त्री स्वतः सोबत गेले. जाताना त्यांनी एका काठीवर शाफ्टची लांबी खुणेने कोरून घेतली. जुना गिअरबॉक्स बदलणाऱ्याने ही माहिती सोबत न्यावीच: शाफ्टची लांबी, त्याच्या खाचांची संख्या, टोकाची जाडी, बेल हाऊसिंगच्या बोल्टांचे अंतर, मागच्या शाफ्टच्या खाचा आणि गिअर दांड्याची जोडणी. एफ.सी.मध्ये चालक पुढे बसतो, त्यामुळे दांड्याची जोडणी जीपसारखी नसते. जीपचा गिअरबॉक्स मिळाला तरी वरचे झाकण आपलेच ठेवावे लागू शकते.

माल निवडताना मिस्त्रींनी झाकण उघडायला लावले, बॅटरीच्या उजेडात प्रत्येक दाताची कड पाहिली, शाफ्ट वर-खाली हलवून पाहिला, हाताने फिरवून एकेक गिअर टाकला आणि कानांजवळचा रंग खरवडून वेल्डिंग तर नाही ना, याची खात्री केली. विक्रेताही भला निघाला. "याची पितळी रिंग थोडी घासली आहे," असे त्याने आपणहून सांगितले आणि भाव कमी केला. मालातला ऐब सांगून विकावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. असा विक्रेता त्या दिवशी थोडे कमी कमावतो, पण मिस्त्री पुढची दहा गिऱ्हाइके त्याच्याकडे पाठवतो.

मुंबईत माल न मिळाल्यास दिल्लीच्या काश्मिरी गेटचा सुट्या भागांचा बाजार आहे. जुन्या जीपांच्या कामासाठी हरियाणातले मंडी डबवालीही प्रसिद्ध आहे.

काम करताना

प्रत्यक्ष खोलाखोलीचे काम दोन दिवसांचे. त्यातल्या चारच गोष्टी सांगतो, कारण चुका येथेच होतात.

पहिली: विलिज जातीच्या या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी होते. म्हणून आधी चारही चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी घोड्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

दुसरी: गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच उतरवावे. वजन भारी असते, चेन पुली लावावी. उतरवताना किंवा चढवताना गिअरबॉक्स क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये. प्लेटचा मधला भाग वाकला की नव्या कामाला पहिल्याच दिवशी धक्का बसतो.

तिसरी: जुन्या क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ती हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आमचे तरुण पोरगे तोंडाला रुमालही बांधत नाहीत, हे पाहून वाईट वाटते.

चौथी: गिअरबॉक्स उतरलाच आहे तर पायलट बुश, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील बदलून घ्यावे. त्यांची किंमत कमी, पण त्यांच्यासाठी पुन्हा खोलायचे म्हणजे दोन दिवस गेले. क्लच प्लेट मध्यावर बसवायला मिस्त्रींनी जुन्याच गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरला. तुटलेल्या वस्तूतूनही हत्यार निघते. तेल भरताना साधे ९० नंबरचे जी.एल.-४ घ्यावे. जी.एल.-५ मधील काही रसायने पितळी रिंग खातात. या गाडीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे तेल इकडून तिकडे जाऊ शकते, म्हणून दोन्हींची पातळी पाहावी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिकअप लालबागचा फेरा मारून आला. दुसरा गिअर जागेवर राहिला, आवाज गेला.

मजुरीचा हिशेब

मग बिल झाले. मिस्त्रींनी उतरवणे-चढवणे एवढीच मजुरी सांगितली. चक्कर मारून दोष ओळखला, एक गिअरबॉक्स खोलून मोजला, अर्धा दिवस घालवून बाजारात गेले, याचे काहीच लावले नाही. आम्ही विचारले तर हसून म्हणाले, "बघण्याचे कसले पैसे? हाताने काम केले त्याचे घेतले."

आमचे मत येथे मिस्त्रींपेक्षा वेगळे आहे. पाना फिरवायला दुसराही कोणी मिळेल. परंतु तिसऱ्या गिअरमध्ये आवाज विरला म्हणजे दोष खाली आहे, हे सांगणारा कान मिळणार नाही. मालकाचे पैसे वाचले ते त्या कानामुळे. ज्याची खरी किंमत आहे ते फुकट आणि जे कोणीही करेल त्याचे पैसे, असा हिशेब ठेवला तर उद्या हा कान शिकायला कोण येईल? मिस्त्रींची दोन्ही मुले या धंद्यात आली नाहीत. गॅरेजमधला एकुलता एक शागीर्दही दुसरी नोकरी शोधतो आहे. यात त्यांचा दोष नाही.

यावर उपाय अवघड नाही. तपासणीची फी आधी सांगावी, पुढे काम आपल्याकडेच झाले तर हवी तर ती मजुरीत वळती करावी. अंदाजपत्रक कागदावर द्यावे आणि त्यात तपासणी, सुटे भाग, तेल, लेथचे काम व मजुरी वेगवेगळी लिहावी. जुने भाग गिऱ्हाइकाला दाखवून परत द्यावेत. भंगारातला माल असेल तर तसे स्पष्ट लिहावे. अशा कागदाने गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो आणि तंटा झालाच तर कारागिराच्या हातात पुरावा राहतो.

कायदा काय म्हणतो?

१८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० नुसार, ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च करून ठरल्याप्रमाणे काम पूर्ण केले, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू आपल्याकडे ठेवण्याचा हक्क आहे. अर्थात उलट करार झालेला नसावा. दुसरीकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे आणि तिच्यातील कसुरीबद्दल गिऱ्हाईक तक्रार करू शकतो. दोन्ही बाजूंनी कागदच उपयोगी पडतो.

नोंदणीपुस्तकात इंजिन आणि चासीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे त्याच जातीचा गिअरबॉक्स बदलल्याने त्या नोंदी बदलत नाहीत. इंजिन बदलायचे असेल तर मात्र आर.टी.ओ.ची परवानगी लागते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण अशी गाडी धंद्याला किंवा रोजच्या वापराला चालत नाही. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या गाडीच्या मालकाने आधी आर.टी.ओ.त लेखी विचारणा करावी.

आम्ही निघालो तेव्हा मसाला व्यापाऱ्यांनी मिस्त्रींच्या हातावर मजुरीखेरीज काही रक्कम ठेवली आणि म्हणाले, "हे बाजारात आलात त्याचे, चाचा." मिस्त्रींनी दोनदा नको म्हटले आणि मग ठेवून घेतले. गिऱ्हाइकाला जे कळले ते कारागिराने स्वतः पुढच्या बिलात लिहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.