दुसरा प्रयोग कधी?

हौशी नाटकाचा दिग्दर्शक पात्रे निवडताना चेहरा बघतो, आवाज बघतो, उंची बघतो. जळगावात तो त्याआधी एक प्रश्न विचारतो, "ड्यूटी कोणती?" एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात काम करणारा तरुण असेल तर फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो तालमीला येणार, सेकंड लागली की आठवडा गेला. शिक्षक असेल तर निवडणुकीचे किंवा सर्वेक्षणाचे काम कधी गळ्यात पडेल, सांगता येत नाही. दाणाबाजारातल्या दुकानात असेल तर दिवाळीपर्यंत त्याचे नाव काढायचे नाही. या चाळणीतून जे उरतात त्यांच्यात भूमिका वाटल्या जातात. कारखान्यातल्या त्या तरुणाचा आवाज सगळ्या संचात चांगला. पण त्याच्या वाट्याला कापसाच्या व्यापाऱ्याची भूमिका आली, कारण व्यापारी दुसऱ्या अंकात दोनदाच येतो. तो उशिरा आला तरी तालीम अडत नाही.

नाटक नवे, दोन अंकी. राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेले. नाटकाचे आणि संस्थेचे नाव इथे मुद्दाम घेत नाही, कारण यातले बरेचसे खानदेशातल्या कोणत्याही हौशी संस्थेला लागू आहे. महाराष्ट्र शासनाची ही स्पर्धा जुनी आहे. प्राथमिक फेरी राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर होते, त्यातले एक केंद्र जळगाव. तिथून निवडलेली नाटके अंतिम फेरीत जातात. अर्ज भरताना लेखकाचे संमतिपत्र लागते, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. अभिनयासाठी रौप्यपदके असतात आणि त्याखालोखाल गुणवत्ता प्रमाणपत्रे. संचातल्या सर्वांत ज्येष्ठ नटाला, सगळे ज्यांना आप्पा म्हणतात त्यांना, मी त्यांच्या कारकिर्दीबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "फाईल घरी आहे. उद्या आणतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच प्लास्टिकच्या पाकिटांची फाईल आणली.

आप्पा धुळ्याचे. एसटीतून निवृत्त झाले. गणेशोत्सवाच्या स्टेजवर हवालदार म्हणून त्यांची पहिली एन्ट्री झाली, पुढे कामगार कल्याण केंद्राची नाटके केली, मग राज्य नाट्य. फाईलमधले एकेक पान उलटताना ते भूमिकेचे नाव सांगत आणि लगेच पुढे, "एकच प्रयोग." पुढचे पान, "एकच." एका पानाशी थांबून म्हणाले, "याचे दोन झाले. शाहू नाट्यमंदिरात एका मंडळाने परत लावले होते." धुळ्याचे राजर्षी शाहू नाट्यमंदिर. त्या दुसऱ्या प्रयोगाची तारीख त्यांना पाठ होती.

तालीम शाळेच्या वर्गात चालते. बाके भिंतीला लावायची, फरशीवर खडूने घर आखायचे. दरवाजा म्हणजे खडूच्या रेषेत सोडलेली दोन हातांची जागा. नव्या पोरांना ती रेष दिसत नाही, ते बोलता बोलता भिंतीतून आरपार जातात, मग प्रॉम्प्टिंग करणारी कॉलेजातली मुलगी वहीतून डोके न काढता म्हणते, "भिंत, दादा." सगळ्यांची वाक्ये पाठ असलेली ती एकटीच. तिला स्वतःला भूमिका नाही. यंदा परीक्षा आहे म्हणून तिने मागितली नाही.

आईची भूमिका एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई, संचातल्या ताई, करतात. वय चौतीस, आणि नाटकातली मुलगी त्यांच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान. इथे नायिका, आई, सासू ही विभागणी वयावर फारशी ठरत नाही; दोन बाया मिळाल्या असतील तर एक आई आणि एक मुलगी. रात्री साडेदहाला तालीम सुटते तेव्हा ताईंना घरी कोण सोडणार, हे पहिल्या वाचनाच्या दिवशीच ठरलेले असते. ताई म्हणतात, "आमच्या घरी नाटकाला नाही कोणी म्हणत नाही. वेळेला म्हणतात."

पहिल्या अंकात ही आई शेतातून घरी येते आणि दिवसभर वेचलेला कापूस कमरेच्या ओटीतून खाली काढत नवऱ्याशी बोलते. संहितेत एवढेच लिहिले आहे, "आई कापूस काढत बोलते." ताईंनी सुरुवातीला दोन्ही हातांनी भराभर कापूस काढला आणि वाक्ये म्हटली. शब्द नीट, आवाज नीट, पण त्यात बाई दिसेना. दुसऱ्या दिवशी त्या घरून जुने लुगडे घेऊन आल्या आणि संवाद सुरू करण्याआधी नुसत्या बसल्या. वेचणीवरून आलेली बाई आधी कंबर सैल करते, ओटीची गाठ सोडायला तिला बोटांची नखे लागतात, कारण बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांची टोके दिवसभर खरचटलेली असतात. गाठ एका झटक्यात सुटत नाही. ताईंनी गाठीशी झटापट सुरू केली आणि नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलेच नाही. गाठ सुटली, कापूस खाली पडला, मग उत्तर. संहितेत तिथे विराम लिहिलेला नव्हता. दिग्दर्शकाने काहीही न बोलता पेन्सिलने वहीत खूण केली. लेखक मागच्या बाकावर होता. त्याने फक्त विचारले, "हे तुम्ही कुठे बघितले?" ताई म्हणाल्या, "घरी. आई."

बोलीचा प्रश्न याहून अवघड निघाला. आप्पा नाटकातले वडील. त्यांची अहिराणी धुळ्याकडची, भरघोस. "माले काय ईचारस? तुनी मायले ईचार," हे वाक्य त्यांनी टाकले की वर्गात हशा पिकायचा. मुलीचे काम करणारी मुलगी रावेरकडची, लेवा बोलीत वाढलेली. ती स्वाभाविकपणे 'मले' म्हणायची. बाप 'माले', लेक 'मले'. तापीकाठच्या प्रेक्षकाला हा फरक पहिल्या मिनिटाला ऐकू येतो. दिग्दर्शक म्हणाला, "एका घरात दोन बोल्या कशा?" आधी आप्पांनी बदलून बघितले, ते खोटे वाटले. मग मुलीने अहिराणी धरून बघितली, तिची सगळी ताकद उच्चार सांभाळण्यातच जाऊ लागली. शेवटी लेखकाने तोडगा काढला. आईचे माहेर रावेरचे केले. लेक माहेरच्या बोलीत वाढली, बापाला ते आवडत नाही, आणि भांडण पेटले की तो मुद्दाम आणखी ठसक्यात अहिराणी बोलतो. पात्रनिवडीतली अडचण नाटकातल्या घरातले भांडण होऊन बसली. दुसऱ्या अंकातली दोन पाने लेखकाने रात्रीत नव्याने लिहून आणली.

पूर्वी हे असे झाले नसते. आप्पांच्या तरुणपणी अहिराणी बोलायची ती गड्याने नाहीतर विनोदी पात्राने. नायकाची भाषा पुणेरी. त्यांनी कित्येक वर्षे 'न' आणि 'ण', 'श' आणि 'स' घासून पुसून घेतले, आरशासमोर जोडाक्षरे घोकली. आता नातवाच्या वयाचा दिग्दर्शक त्यांना सांगतो, "आप्पा, घरी बोलता तसे बोला." आप्पा हसतात; पण पहिले काही दिवस त्यांना तेच जमत नव्हते. प्रकाशात उभे राहिले की जीभ आपोआप शुद्ध व्हायची.

हा बदल घडण्यात जळगावच्या 'परिवर्तन' संस्थेच्या 'नली'चा वाटा मोठा आहे. श्रीकांत देशमुख यांच्या लेखनावरून शंभू पाटील यांनी केलेले नाट्यरूपांतर, योगेश पाटील यांचे दिग्दर्शन आणि रंगमंचावर एकटा हर्षल पाटील. एकलनाट्य, तेही इथल्या मातीतल्या बोलीचे. बोलीत माणूस अख्खे नाटक पेलू शकतो आणि बाहेरगावचा प्रेक्षकही ते बघतो, हे त्याने दाखवून दिले. पण माझ्या लेखी 'नली'ची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ती पुन्हा पुन्हा झाली. गावोगाव गेली. नटाला तीच भूमिका वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर उभी करायला मिळाली.

नट घडतो तो तिथे. जळगावचे सर्वांत जुने उदाहरण बालगंधर्वांचे. नारायण राजहंस हा मुलगा लहानपणी जळगावात नातेवाइकांकडे राहिला आणि मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे त्याने इथेच घेतले. 1905 मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. शहरातले खुले नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने आहे. त्यांचा गळा दैवी होता, हे सगळेच सांगतात; पण 1911 च्या 'मानापमान'मधली भामिनी किंवा 1919 च्या 'एकच प्याला'मधली सिंधू त्यांनी एकदा करून सोडून दिली नव्हती. मुक्कामामागून मुक्काम, वर्षामागून वर्षे ती रंगवली. चैत्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तमाशाच्या फडातल्या सोंगाड्याचेही तेच. आज एका गावात जो विनोद पडला, तो उद्याच्या गावात तो दुरुस्त करतो. प्रेक्षकांचा हशा नेमका किती वेळ थांबू द्यायचा, हे त्याला कोणत्याही शिबिरात शिकवलेले नसते. हौशी नटाला नेमकी हीच दुसरी रात्र मिळत नाही.

प्रयोगाचा दिवस बघितला की हे नीट कळते. सकाळी टेम्पोतून नेपथ्य आले. फ्लॅट उभे करणे, लेव्हल ठोकणे, घराचा ओटा, बाज, पाण्याचा माठ. महिनाभर खडूच्या रेषेत वावरलेल्या माणसांना पहिल्यांदा खरा दरवाजा मिळाला, आणि आप्पा दोनदा त्याच्या चौकटीला थडकले. दुपारी प्रकाशयोजना. शाळेच्या वर्गात ट्यूबलाइटखाली बसवलेले नाटक स्पॉटमध्ये कसे दिसते, हे नटांना त्या दिवशीच कळते. मेकअप, तिसरी घंटा, पडदा. पहिला अंक थोडा घाईत गेला. ताईंच्या गाठीशी सभागृह मात्र शांत झाले. त्यांनी तालमीत कधी घेतला नव्हता एवढा वेळ घेतला. दुसऱ्या अंकात बाप आणि लेक समोरासमोर आले, 'माले' आणि 'मले' आदळले, आणि मागच्या रांगांतून जो प्रतिसाद आला तो आप्पांना अपेक्षित नव्हता. लोक हसले नाहीत. आप्पा क्षणभर गोंधळले, पुढचे वाक्य त्यांनी हळू आवाजात टाकले, आणि ते वाक्य सगळ्या तालमींपेक्षा चांगले गेले. व्यापारी झालेला तरुण शिफ्ट बदलून वेळेवर आला होता.

पडदा पडल्यावर तासाभरात नेपथ्य उतरवले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेचे नाटक, स्टेज मोकळे करून द्यावे लागते. परतीच्या गाडीची वाट बघताना आप्पा म्हणाले, "आता कुठे कळलं तो बाप कसा करायचा ते." त्या संचातल्या प्रत्येकाला थोड्याफार फरकाने हेच म्हणायचे होते. जे सापडले ते प्रयोगात सापडले, आणि ते वापरायला पुढचा प्रयोग नाही.

स्पर्धा नसती तर यातली निम्मी नाटके झालीच नसती, हे मान्य केले पाहिजे. गेली कित्येक दशके जिल्ह्याजिल्ह्यांत नाटक जिवंत ठेवले ते या स्पर्धेने. तरीही स्पर्धा नटाला पहिल्या प्रयोगापर्यंत आणून सोडते, पुढचे काम तिचे नाही. ते आपले आहे. खानदेशात सभागृहे आहेत, महाविद्यालये आहेत, गणेशोत्सव आणि नवरात्रीची मंडळे आहेत, वाचनालयांच्या व्याख्यानमाला आहेत. जळगावात बसलेले नाटक धुळ्याला न्यायला पारोळा-एरंडोलच्या रस्त्याने दोन-अडीच तास लागतात. अमळनेर, चोपडा, शिरपूर त्याच टापूत. डीजेवर एका रात्री होणाऱ्या खर्चात असा संच नेपथ्यासकट येऊन नाटक करून जाईल. मानधन मागणार नाही, टेम्पोचे भाडे आणि जेवण एवढेच मागेल.

तेव्हा यंदा प्राथमिक फेरी लागली की दोन-तीन नाटके तिकीट काढून बघा. त्यातले जे आवडेल त्या संस्थेला फोन करा आणि आपल्या गावात त्याचा दुसरा प्रयोग लावा. नट तयार आहेत, फक्त शिफ्ट बदलून घ्यायला आठवडाभर आधी सांगा.