राष्ट्रपती कोण होणार, हे आधी कसं कळतं?

निवडणुकीचा अंदाज म्हटलं की आपल्याला एक्झिट पोल आठवतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत त्यांची गरजच पडत नाही, तरी निकाल बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतो. कसा, ते पाहू.

इथं लवासात राहणारा मतदार राष्ट्रपतीला थेट मत देत नाही. मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात येतो. तिथला आमदार मत देतो आणि त्या एका मताचं मूल्य असतं १७५. हे १७५ आले कुठून? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. तिला २८८ आमदारांनी भागा, मग १००० नं भागा. झालं. (लोकसंख्या केव्हाच दुपटीवर गेली, पण हिशोब अजून १९७१ चाच.) उत्तर प्रदेशात हेच मूल्य २०८, सिक्कीममध्ये ७.

म्हणजे मतदार पाच हजारांच्या आत, आणि प्रत्येकाचा पक्ष माहीत. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं वीस लाखांहून जास्त लोकांची मतं मागवून लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले! कारण नमुना एकांगी होता. आपल्याकडे इथं नमुनाच नसतो, सरळ बेरीज असते. चूक होते ती दुसरीकडे. पक्ष माहीत असला तरी मतदान गुप्त असतं, आणि व्हिप चालत नाही.

२००७ घ्या. शिवसेना भाजपच्या आघाडीत, पण प्रतिभाताई पाटील मराठी म्हणून सेनेनं त्यांना पाठिंबा दिला. नुसत्या आघाड्या मोजणाऱ्याचा हिशोब इथं चुकला असता. निकाल मात्र तोच लागला असता, कारण भैरोंसिंह शेखावतांवर त्यांची आघाडी तीन लाखांहून जास्त, आणि महाराष्ट्राच्या सगळ्या आमदारांचं मूल्य मिळून ५०,४००. माझ्या मते अंदाज किती पक्का, हे इथंच ठरतं: फुटू शकतील अशी मतं किती, आणि अंतर किती?

१९६९ साली हे अंतर फारच थोडं होतं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, समोर अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या म्हटलं आणि पक्षाचा तक्ता कोलमडला. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत. मग मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. तिच्यातली बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते जिंकले. ही दुसरी पसंती आधी कोण मोजणार?

आपल्याकडे अलीकडचं उदाहरण म्हणजे २० जून २०२२ ची विधान परिषद. तिथंही मतदान गुप्त, पसंतीक्रमाचं. भाजपचे पाचही उमेदवार आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला निघाले. राष्ट्रपतीपदाचं मतदान होतं १८ जुलैला. तोवर महाराष्ट्राचा तक्ता नव्यानं मांडावा लागला, आणि द्रौपदी मुर्मूंच्या रकान्यात उद्धव ठाकरेंचा पाठिंबाही लिहावा लागला.