सुखान्तावरील आक्षेप

शेवट आधींच ठाऊक असलेली प्रेमकथा वाचावी तरी कशाला, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून नेहमीं ऐकूं येतो. माझेंही मत तेंच होतें. शिक्षक असतांना एका विद्यार्थिनीची अशी कादंबरी मीं न वाचतांच जप्त केली होती.

निवृत्तीनंतर नातीनें एमिली हेन्री या अमेरिकन लेखिकेची ‘बीच रीड’ (२०२०) हातीं दिली. तींतील नायिका स्वतः प्रेमकथा लिहिणारी. परंतु वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचे परस्त्रीशीं असलेले संबंध तिला कळतात आणि तिची प्रेमावरील श्रद्धाच ढळते. येथें वाट अडविणारा खलपुरुष नाहीं. अडथळा मनांतच आहे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’मध्येंही (१८१३) अभिमान व पूर्वग्रह गळाल्याखेरीज मीलन होत नाहीं.

तेव्हां दोघें एकत्र येणार कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. तीं एकमेकांस योग्य कशीं होतात, हें पाहावयाचें. मनें न पालटतां केवळ योगायोगानें जुळलेली कथा मात्र पोकळच म्हणावी लागेल.

तें जप्त पुस्तक अजून माझ्या कपाटांत आहे. विद्यार्थिनी भेटल्यास तें परत करीन. पण त्याआधीं वाचून काढीन.