औषध तेच, तुडतुडा वेगळा

यंत्रमागांच्या भिवंडी तालुक्यात भातखाचरेही आहेत. भाताचा मोठा शत्रू तपकिरी तुडतुडा. चुडाच्या बुंध्याशी बसून तो रस शोषतो. संख्या वाढली की पीक जागोजागी करपल्यासारखे दिसते. लांब पंखांचे तुडतुडे वाऱ्याबरोबर व्हिएतनामकडून चीन, जपानपर्यंत जातात. त्यांच्यासोबत जनुकेही प्रवास करतात.

इमिडाक्लोप्रिड वारंवार फवारले की ते पचवणारे विकर जास्त बनवणारे तुडतुडेच तगतात. पुढची पिढी त्यांचीच. २००५च्या सुमारास पूर्व आशियात हे औषध असेच निष्प्रभ ठरले. एकाच्या अतिफवारणीची झळ शेजाऱ्याच्या खाचरालाही बसते.

म्हणून बुंधे नियमित तपासावेत, युरिया बेताने द्यावा, साचलेले पाणी काढावे. फवारणी गरजेपुरतीच, तीही कृषी विभागाच्या सल्ल्याने आणि औषधाचा गट बदलून करावी.