३२० पानं आणि दाराचं बिजागर: रोलप्लेइंग गेमच्या पुस्तकांबद्दल

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘काय म्हणतात त्याला’ काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचं रेकॉर्डिंग बजाजनगरमधून, आमच्या गच्चीवरच्या खोलीतून. मागे कंपनीच्या बसचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या, सेकंड शिफ्ट सुटायची वेळ झालीये.

बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये ती पोरं तळघरात बसून जे खेळतात त्याचं पुस्तक कोणतं, आणि ते घ्यावं का? पुस्तकाचं नाव सोपं आहे, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. घ्यावं का, याचं माझं उत्तर असं की घ्या, पण पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. असं का, ते सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यात बोर्ड लागतोच असं नाही. एक जण निवेदक असतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. डीएम म्हणतो, ‘समोर बंद दार आहे, आतून कुजबुज ऐकू येतेय. काय करताय?’ मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. लहानपणी चोर-पोलीस खेळताना भांडण व्हायचं बघा, ‘तुला गोळी लागली’, ‘नाही लागली, मी वाकलो होतो.’ ते भांडण मिटवायला फासे, आणि फासे कधी टाकायचे, कसे वाचायचे हे सांगायला पुस्तक. एवढाच मूळ मामला.

१९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा गेम पहिल्यांदा छापला, तेव्हा खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि पहिली आवृत्ती होती १००० प्रतींची. आज त्याची तीन जाडजूड पुस्तकं आहेत. २०१४ चं ‘प्लेयर्स हँडबुक’ एकटंच ३२० पानांचं, २०२४ चं सुधारित ३८४ पानांचं. मी पहिल्या नोकरीच्या पगारातून २०१४ चं घेतलं. तोळाभर सोनं घेतल्यासारखं घरी आणलं, आईनं विचारलं तेव्हा किंमत अर्धी सांगितली.

आता आमचा ग्रुप. मी, माझा चुलतभाऊ, कॉलेजचे दोन मित्र आणि शाळेपासूनचा एक दोस्त. हा दोस्त आयटीआय करून फिटर झाला, वाळूज एमआयडीसीतच एका व्हेंडरकडे तीन शिफ्टमध्ये काम करतो. शाळेत सगळ्यात भन्नाट गोष्टी रचून सांगणारा हाच. मला वाटलं होतं, टेबलावर हाच धुमाकूळ घालणार.

तीन रविवार तो आला आणि तिन्ही रविवार एकच वाक्य बोलला, ‘मी मारतो.’

समोर त्याचा कॅरेक्टर शीट होता. आर्मर क्लास, प्रोफिशियन्सी बोनस, सेव्हिंग थ्रो, खाली अठरा स्किलची यादी. त्याला इंग्रजी येत नाही असं नाही हो. मशिनचं मॅन्युअल वाचतो, ड्रॉइंग माझ्यापेक्षा चांगलं वाचतो. पण ते काम झालं. सुट्टीच्या दिवशी चार इंजिनिअरांसमोर अडखळत वाचायला लागणं, आणि मग कुणीतरी ‘अरे दे, मी सांगतो’ म्हणणं, हे वेगळं. चौथ्या रविवारी मेसेज आला, ‘शिफ्ट लागली.’ त्याच संध्याकाळी मला तो मोहटादेवी मंदिराकडच्या टपरीवर चहा पिताना दिसला. मी गाडी थांबवली नाही.

माझा पहिला विचार काय असावा? सांगायला लाज वाटते. ‘जाऊ दे, हा गेम सगळ्यांसाठी नसतो.’

पुढच्या सेशनला तो नव्हता, तेव्हा मी सहज मोजायला सुरुवात केली. पुस्तकात बघायला गेम किती वेळा थांबतो? तीन तासांत सतरा वेळा. कोड लिहिताना फंक्शन दर दहा मिनिटांनी अडकत असेल तर आपण युजरला दोष देत नाही. मग इथे का देत होतो?

मग मी दुसरी पुस्तकं धुंडाळायला लागलो आणि ‘केर्न’ सापडलं. योखाई गाल नावाच्या लेखकाचं, २०२० चं, पंचविसेक पानांचं, पीडीएफ फुकट. पात्राचे आकडे तीनच: ताकद, चपळाई, मनोबल. धोका आला की वीस बाजूंचा फासा टाका, आपल्या आकड्याइतका किंवा कमी पडला की सुटलात. मारायचं असेल तर ‘लागलं का’ हे बघायचंच नाही, थेट किती लागलं तेवढं टाकायचं. सामानाला दहा जागा, दहाच्या वर काही नेता येत नाही. संपलं.

दोन रात्री बसून मी त्याचं मराठी केलं, ए-फोरच्या एका कागदावर, पाठपोट. आणि इथे गंमत झाली. त्यात ‘हिट प्रोटेक्शन’ नावाचा आकडा आहे. तो शरीराचा नाही, वार चुकवायची ऐपत किती उरली त्याचा. आधी मी ‘जीव’ लिहिलं होतं. मग टेबलावर ‘तुझा जीव किती?’ ‘माझा जीव दोन’ असं सुरू झालं आणि पाच मिनिटं हसण्यात गेली. शेवटी लिहिलं ‘दम’. दम आहे तोवर वार अंगावर येत नाही. दम संपला की घाव ताकदीवर बसतो. इंग्रजीत हे मला दोनदा वाचावं लागलं होतं. ‘सेव्ह’ला ‘निभाव’ केलं. चपळाईवर निभाव लागला का? लागला. सामानाच्या जागेला ‘खण’. थकवा आला की एक खण अडतो, हे तर समजावून सांगावंच लागलं नाही.

कागद मी त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली काही लिहिलं नाही. तो रविवारी आला.

गोष्ट मी देवगिरी किल्ल्यावर बेतलेली घेतली होती. शाळेच्या सहलीत आपण सगळेच दौलताबादच्या त्या अंधारीतून चाचपडत गेलोय, त्यामुळे वर्णन करायची गरजच नव्हती, ‘अंधारी’ म्हटलं की सगळे गप्प. तिच्या टोकाला एक लाकडी दार ठेवलं, बंद. चुलतभाऊ म्हणाला, ‘तोडतो.’ तेवढ्यात आमचा फिटर म्हणाला, ‘थांब. बिजागर कुठल्या बाजूला आहे?’

मी गप्प. ३२० पानं वाचलेला माणूस, मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘तुमच्या बाजूला.’

‘मग दार आपल्याकडे उघडतं. ढकलून काय होणार? पिना काढा. गंजलेल्या असतील तर दिव्यातलं तेल सोडा, पाच मिनिटं थांबा, खालून खिळा लावून वर ठोका. दार बिजागराच्या बाजूनं सुटेल, कडी तशीच राहील.’

फासा टाकायचा प्रश्नच नव्हता. ‘केर्न’ सांगतं की धोका नसेल आणि युक्ती बरोबर असेल तर ती होते. माझ्या जुन्या पद्धतीनं मी काय केलं असतं? ‘स्ट्रेंग्थ चेक, पंधरा पाहिजेत.’ त्याचा बोनस दोन, म्हणजे फाशावर तेरा किंवा जास्त, वीसपैकी आठ शक्यता. साठ टक्के वेळा या माणसाला मी सांगितलं असतं की तुला दार उघडता येत नाही. ज्याचा दिवस बोल्ट-पिनांत जातो त्याला!

डंजन्स अँड ड्रॅगन्सवर अन्याय नको. निकालाबद्दल शंका असेल तेव्हाच फासा टाका, असं त्यांचंही पुस्तक म्हणतं. चूक माझी होतीच. पण शीटवर अठरा स्किलची यादी छापली की खेळणाऱ्याची नजर दारावर राहत नाही, कागदावर जाते. ‘माझ्याकडे यासाठी काय आहे?’ पुस्तक पारखताना मी आता हेच बघतो, की ते खेळताना माणसांचे डोळे कुठे असतात.

माझा चुलतभाऊ यावर भांडतो. त्याला पात्र घडवायला आवडतं, कुठल्या लेव्हलला काय घ्यायचं याच्या एक्सेल शीट बनवतो, आणि सहा-सहा महिने चालणारी मोहीम, मोजून-मापून लढाई हवी असेल तर ते जाड पुस्तक खरंच दमदार आहे. त्याच्या बाबतीत तो बरोबर आहे. म्हणून मी ते विकलेलं नाही.

बाकीची पटापट सांगतो. जॉन हार्परचं ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’, २०१३ चं, अख्खा गेम एका पानावर, पात्राला एकच आकडा. एका संध्याकाळीला झक्कास, तिसऱ्या संध्याकाळी पोकळ वाटतं. आयझॅक विल्यम्सचं ‘माउसरिटर’, यात तुम्ही तलवार घेतलेले उंदीर असता आणि मांजर म्हणजे जवळपास ड्रॅगन. सामानाची कार्डं कापून खणांत ठेवायची. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना बसवायचं असेल तर डोळे झाकून हेच.

‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’, २०१०, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर. यातली फाशांची पद्धत मला सगळ्यांत आवडते. साधे सहा बाजूंचे दोन फासे, लुडोचे चालतात, कुठल्याही स्टेशनरीत मिळतात. दहा किंवा वर: जमलं. सात ते नऊ: जमलं, पण काहीतरी किंमत मोजा. सहा किंवा खाली: डीएम हात चोळतो. हिशोब बघा, एकूण ३६ शक्यता, त्यातल्या सहा पूर्ण यशाच्या, पंधरा ‘जमलं पण’च्या, पंधरा फजितीच्या. एक बोनस मिळाला तर दहा, सोळा, दहा. म्हणजे बोनस असेल तर सगळ्यांत जास्त शक्यता ‘हो, पण’ची, आणि गोष्टी तिथेच रंगतात. पुस्तक मात्र घरच्यांसमोर उघडू नका, भाषा आणि मजकूर दोन्ही मोठ्यांसाठीचे आहेत.

आणि ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’, २०२२, यात तेरा मोहिमा आहेत. त्यातली मणिवर्षची मोहीम मूळ कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी लिहिली, बंगालची छाप असलेली. या गेमच्या अधिकृत पुस्तकात आपल्याकडची वाटणारी नावं पहिल्यांदा वाचली तेव्हा छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण टेबलावर नेल्यावर अडचण तीच, खाली इंजिन जाड पुस्तकाचंच आहे. वाचायला घ्या, खेळायला घाई नको.

एक टीप फोनवाल्यांसाठी, म्हणजे तुम्हा सगळ्यांसाठी. दोन कॉलमची पीडीएफ सहा इंची स्क्रीनवर वाचणं ही शिक्षा आहे. झूम करा, डावीकडे सरका, खाली जा, परत वर या. पुस्तक निवडण्याआधी त्याचे नियम साध्या वेबपेजवर आहेत का बघा. ‘केर्न’चे आहेत.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. वेरूळला गेलात तर एकवीस आणि एकोणतीस नंबरच्या लेण्यांत थांबा, शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत. आणि १८७१ च्या सुमारास याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, पंडित हरिकृष्ण शर्मांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहिलं, त्यांच्या ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या अवाढव्य ग्रंथाचा भाग म्हणून. बुद्धिबळासकट कितीतरी खेळांचे नियम त्यात आहेत. म्हणजे गेमचं रूलबुक आपल्याकडे नवं नाही. फक्त तेही संस्कृतात! ओसरीवर पट मांडून बसणारे खेळताना संस्कृतात थोडेच बोलत असणार. रूलबुकची भाषा एक आणि टेबलावरची दुसरी, हे दुखणं जुनंच आहे.

फरक एवढाच की आज त्यावर उपाय कायदेशीर आहे आणि फुकट आहे. जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कंपनीनं लायसन्स आवळायचा प्रयत्न केला, खेळणाऱ्यांनी जगभर आरडाओरडा केला, आणि महिना संपायच्या आत कंपनीनं नियमांचा गाभा, ज्याला एसआरडी ५.१ म्हणतात, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. श्रेय द्या आणि भाषांतर करा, छापा, विकासुद्धा. त्याच वर्षी कंपनीनं तो फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये आणला. मराठी आपल्यालाच करावं लागणार. ‘केर्न’ही खुलं आहे, फक्त तिथे एक अट जास्त: तुमचं भाषांतरही त्याच लायसन्सखाली खुलं ठेवायचं. माझा कागद तसाच आहे. लिंक डिस्क्रिप्शनमध्ये दिलीये, ‘दम’पेक्षा चांगला शब्द सुचला तर बदला आणि मला कळवा.

गेल्या रविवारी आमचा फिटर म्हणाला, पुढची गोष्ट मी घेतो. बुधवारी त्यानं नकाशाचा फोटो पाठवला. ग्राफ पेपरवर काढलेलं भुयार, प्रत्येक भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये, प्रत्येक दाराचं बिजागर दाखवलेलं, कोपऱ्यात स्केल आणि थर्ड अँगल प्रोजेक्शनचं चिन्ह. मी विचारलं, ‘सगळं ठीक, पण राक्षस कुठाय?’

उत्तर आलं, ‘ते आत्ताच सांगितलं तर खेळणार काय?’